हौसेचा हातोडा आणि पोटाचा घण

यंदाच्या जयंतीच्या नियोजनाची बैठक चालू होती. आमच्या हातावरचे भाजल्याचे डाग पाहून एका जुन्या कार्यकर्त्याने सगळ्यांसमोर विचारले, "हे काय नवीन काढलंय म्हणे तुम्ही? बाबासाहेबांनी गावकी सोडायला लावली, आणि तुम्ही पन्नाशीनंतर लोहारकी शिकायला निघालात? उद्या दवंडीही द्याल." बैठकीत हशा पिकला. आम्हीही हसलो. पण घरी आल्यावर तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. प्रश्न विचारणारा माणूस उथळ नाही. त्याच्या आजोबांनी येसकरपाळीची भाकरी मागणे बंद केले म्हणून गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला होता. त्याला "आमची हौस आहे" एवढेच उत्तर देऊन चालणार नाही. म्हणून हा लेख.

आधी हकिगत सांगतो, मग वाद घालू.

आमच्या तालुक्याच्या गावाबाहेर, बीड रस्त्याला, बाभळींच्या खाली चार पालं आहेत. घिसाडी समाजाची माणसे. महाराष्ट्राच्या यादीत भटक्या जमाती (ब) मध्ये त्यांची नोंद आहे. एकेकाळी गाडीवर बिऱ्हाड लादून गावोगाव फिरायचे, आता गेली सोळा-सतरा वर्षे इथेच आहेत. पण पाल ते पालच राहिले. त्यातल्या एका कुटुंबाकडे आम्ही दीड वर्षापासून दर रविवारी सकाळी दोन तास लोहारकाम शिकायला जातो. घरधनी साठीच्या आतबाहेर. आम्ही त्यांना दादा म्हणतो, त्यांच्या बायकोला वहिनी. ते आम्हाला सर म्हणतात. आम्ही शिक्षक नाही, कचेरीत कारकून आहोत, हे दहा वेळा सांगून झाले. पण पँटशर्ट घालून पालावर येणारा आणि पैसे मागायला न आलेला माणूस म्हणजे सर, असा त्यांचा हिशेब असावा.

हे खूळ डोक्यात शिरले ते वडिलांच्या एका चिमट्यामुळे. वडील रेल्वेच्या एका वर्कशॉपात लोहारखात्यात होते. ३१ वर्षे त्यांनी घण मारला. लोहार म्हणून नव्हे. लोहाराने सांडशीत धरलेल्या लोखंडावर घण मारणारा हॅमरमन म्हणून. ट्रेड टेस्टला ते तीनदा बसले आणि तिन्ही वेळा नापास झाले. ज्या पोरांना त्यांनी सांडशी धरायला शिकवली ती पोरे पास होऊन त्यांच्या डोक्यावर लोहार म्हणून बसली. त्या पोरांची आडनावे इथे देत नाही, वाचकांना अंदाज आहेच. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले, ते भाषण आपण सगळेच उद्धृत करतो. पण त्याच भाषणात त्यांनी फार साधी गोष्ट सांगितली होती, ती आपण विसरतो. रेल्वेत अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच राहतो. त्याला पोर्टरसुद्धा करत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरातली कामे करावी लागतात आणि घरात अस्पृश्य चालत नाही. या भाषणानंतर वीस-बावीस वर्षांनी आमचे वडील नोकरीला लागले आणि निवृत्त होईपर्यंत त्यांच्या हातात घणच राहिला.

वडिलांनी आम्हाला हत्याराला हात लावू दिला नाही. सुट्टीत खिळा ठोकायला हातोडी घेतली तरी ओरडायचे, "पेन धर." त्यांच्या उजव्या कानाला कमी ऐकू यायचे, त्यामुळे ते सगळ्यांशीच ओरडून बोलायचे. ते गेल्यावर पेटीत बाकी कागदपत्रांबरोबर एक चिमटा सापडला. वर्कशॉपातल्या भंगार सळईचा, हाताने घडवलेला, दांड्याला सुरेख पीळ दिलेला. हे काम तिसऱ्यांदा नापास झालेल्या माणसाचे होते. तो पीळ कसा घातला असेल, हे आम्हाला कळत नव्हते. ते विचारायला म्हणून आम्ही पहिल्यांदा पालावर गेलो. दादांनी चिमटा हातात घेऊन उलटापालटा केला आणि म्हणाले, "पिळाचं काय, पोरगंबी घालील. दोन्ही पाय सारखे उतरलेत, ते बघा."

नंतर कळले की ते बरोबर बोलत होते. पीळ घालणे सोपे. सळई मधोमध नारिंगी होईपर्यंत तापवायची, एक टोक घट्ट धरायचे, दुसरे सांडशीत पकडून फिरवायचे. जिथे जास्त तापली असेल तिथे पीळ दाट येतो, एवढेच सांभाळायचे. अवघड आहे ते एकाच जाडीचे, एकाच उताराचे दोन पाय काढणे. आम्ही चार महिने नुसते टोक काढत होतो. दहा मिलिमीटरची सळई घ्यायची, तापवायची, ऐरणीच्या कडेला तिरकी धरून ठोकायची, पाव फेरा फिरवायची, पुन्हा ठोकायची. चौकोनी टोक यायला हवे. आमचे शंकरपाळ्यासारखे यायचे. दादा काही बोलायचे नाहीत, सळई परत भट्टीत सारायचे.

भट्टी म्हणजे जमिनीतला हातभर खड्डा. त्यात दगडी कोळसा आणि खालून वारा. पूर्वी चामड्याचा भाता होता, मग हाताने फिरवायच्या चाकाचा पंखा आला, आणि आता मोटारसायकलच्या बॅटरीवर चालणारा छोटा ब्लोअर आहे. लोखंडाची परीक्षा रंगावरून. गडद लाल असताना ठोकले तर ते ऐकत नाही, पिवळ्याच्या पुढे जाऊन पांढरे पडले आणि ठिणग्या उडू लागल्या तर ते जळाले म्हणून समजायचे. बांधकामाची सळई मऊ, तिला पाणी पाजले तरी धार धरत नाही. धारेच्या हत्याराला ट्रकच्या कमानीचा पाटा लागतो, कारण त्यात कर्ब जास्त. पाटा इतका तापवायचा की लोहचुंबक त्याला चिकटेनासे होते, मग नुसत्या धारेला पाणी दाखवायचे, पाठ तशीच ठेवायची, आणि पाठीतली ऊब धारेकडे परत येऊ द्यायची. धार घासून ठेवलेली असेल तर तिच्यावर रंग चढताना दिसतो: गवताच्या काडीसारखा पिवळा, मग तांबूस, मग जांभळा, मग निळा. कुठल्या रंगावर थांबायचे ते हत्यारावर अवलंबून. दादांना लोहचुंबक लागत नाही. शाळेत एक दिवसही न गेलेल्या या माणसाच्या डोक्यात जे धातुशास्त्र आहे त्याला आपल्याकडे ज्ञान म्हणत नाहीत, 'परंपरागत कौशल्य' म्हणतात. का म्हणतात, ते पुढे येईलच.

आता शरीराचे. आमचे वय ५३. बत्तीस वर्षे खुर्चीवर बसून काढलेली. पालावर खुर्ची नसते. ऐरण जमिनीत पुरलेली, वीतभरच वर. दादा उकिडवे बसून काम करतात. आम्ही पहिल्या रविवारी वीस मिनिटे उकिडवे बसलो आणि उठताना बाभळीला धरून उठलो. सोमवारी कचेरीत जिना चढताना मांड्या थरथरत होत्या. मग आम्ही बाभळीचा एक ओंडका आणून त्यावर जुन्या रेल्वेरुळाचा तुकडा ऐरण म्हणून बसवला. उभे राहून हात खाली सोडला की मूठ टेकेल एवढ्या उंचीवर. कंबर वाचली. पण उजवा कोपर गेला.

ते एकदम झाले नाही. आधी सकाळी दात घासताना कळ यायची. मग चहाचा कप उचलता येईना. मग एका श्रद्धांजली सभेत अध्यक्षांशी हस्तांदोलन करताना आमच्या तोंडून असा आवाज निघाला की लोकांना वाटले आम्हाला हुंदका आला. डॉक्टरांनी कोपराच्या बाहेरच्या हाडावर बोट दाबले, आम्ही ओरडलो, आणि ते म्हणाले, टेनिस एल्बो. आयुष्यात टेनिसची बॅट हातात धरली नाही, पण दुखण्याचे नावसुद्धा ज्यांना फुरसत आहे त्यांच्या खेळावरून पडलेले! कारण सरळ होते. आम्ही हातोडा जिवाच्या आकांताने आवळून धरत होतो आणि लोखंड थंड झाले तरी ठोकत राहत होतो. लोखंड मऊ असले की घाव ते पिऊन टाकते. थंड लोखंड घाव परत करते, आणि तो परत आलेला घाव मनगटातून कोपरात जातो. दादा पहिल्या महिन्यापासून सांगत होते, "लाल गेलं की थांबा, सर." आम्हाला वाटायचे अजून दोन घाव बसतील.

डॉक्टरांनी सहा आठवडे हातोडा बंद सांगितला. पट्टा बांधायला दिला, मनगटाचे व्यायाम लिहून दिले, टॉवेल पिळायचा, हलके वजन घेऊन हात सावकाश खाली सोडायचा. आम्ही ते मन लावून केले. कचेरीत उजव्या हाताने लिहिणे कमी करून घेतले, साहेबांनी समजून घेतले. सहा आठवडे झाले, दुखणे बरेच उतरले. रविवार मोकळे मिळाले तर दोन पुस्तके वाचून झाली.

या सहा आठवड्यांत एकदा भेटायला म्हणून पालावर गेलो. दसऱ्याच्या आधीचे दिवस होते. बीड जिल्हा आणि कोयता हे नाते वाचकांना सांगायला नको. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतात, त्याआधी त्यांना कोयते लागतात. वर्षाची निम्मी कमाई या महिन्या-दीड महिन्यात. आम्ही पट्टा बांधलेला हात दाखवून डॉक्टर काय म्हणाले ते सांगत होतो. दादांनी सदऱ्याची बाही वर केली आणि आपल्या कोपरावर, नेमक्या त्याच जागेवर, बोट ठेवले. "हितंच ना? मला वीस वर्षं झाली." मग वहिनींकडे बोट केले. "तिचा खांदा."

घण वहिनी मारतात. घिसाड्यांमध्ये हे नवे नाही. नवरा सांडशीत लोखंड धरून हातोडीने जागा दाखवतो, आणि बायको घण घालते. घण पाच किलोच्या आसपास. हंगामात दिवसाला किती वेळा उचलला जात असेल ते मोजायचा आम्ही एकदा प्रयत्न केला आणि एका कोयत्यातच मोजणी सोडून दिली. रात्री वहिनी तव्यावर वाळू तापवून फडक्यात बांधतात आणि खांदा शेकतात. दादा कोपराला चिंधी आवळून बांधतात. म्हणजे डॉक्टरांनी आमच्याकडून पैसे घेऊन दिलेला पट्टाच तो, चिंधीचा. आम्ही शहाणपणाने म्हणालो, "थोडे दिवस विश्रांती घ्या." दादा हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, "हंगाम गेल्यावर घेऊ." हंगाम गेल्यावर नांगराचे फाळ, कुदळी, पहारी शेवटायला येतात, ते त्यांनाही माहीत होते आणि आम्हालाही.

ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीलाच 'एक कोयता' म्हणतात. उचल कोयत्यावर, हिशेब कोयत्यावर, आणि एक जण आजारी पडला तर खाडा दोघांचा. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचा प्रश्न विधिमंडळापर्यंत गेला, तेव्हा सगळा महाराष्ट्र हळहळला होता. तो कोयता घडवणारी जोडीही त्याच हिशेबात बसते, एवढे आम्हाला त्या संध्याकाळी पालावर उभे राहून दिसले. शिकायला लागल्यापासून वर्षभर आम्ही त्यांच्या शेजारी ठोकत होतो आणि वहिनींच्या खांद्याकडे आमचे लक्ष गेले नव्हते. आमचा कोपर दुखला नसता तर अजूनही गेले नसते. हे लिहायला लाज वाटते, पण खरे आहे.

आता त्या मित्राच्या प्रश्नाकडे येऊ.

बाबासाहेबांनी १९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या भाषणात, जे भाषण करू दिले गेले नाही त्यात, जात ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे असे दाखवून दिले. आपण हे वाक्य भिंतीवर लिहितो. पण त्याच्या पुढचा मुद्दा असा आहे की या विभागणीत माणसाची आवड, त्याची कुवत, त्याची निवड यांना जागाच नाही. आईच्या पोटात असतानाच धंदा ठरतो. आणि जो धंदा गळ्यात बांधला जातो त्यात माणसाचे ना मन लागते ना डोके. म्हणजे बाबासाहेबांचा रोख हातोड्यावर नव्हता. तो होता हातोडा कोणाच्या हातात द्यायचा हे जन्माने ठरण्यावर. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात महार वतनाबद्दल जे विधेयक त्यांनी मांडले तेही याच मुद्द्यावर उभे होते. मरेपर्यंत राबवून घेणारे आणि मोबदल्याची खात्री नसलेले ते वतन माणसाला सोडता आले पाहिजे. आमच्या मित्राच्या आजोबांनी भाकरी नाकारली ती भाकरी वाईट होती म्हणून नव्हे.

मग आम्ही हातोडा उचलला तर काय बिघडले? काही बिघडले नाही. पण म्हणून यात आम्ही काही क्रांती केली, असाही आव आणायचा नाही. काही पुरोगामी मित्रांनी आमचे फार कौतुक केले: श्रमप्रतिष्ठा, जात ओलांडून हाताने काम, वगैरे. आम्हाला ते कौतुक टोचते. रविवारचे दोन तास घाम गाळून श्रमाला प्रतिष्ठा येत नाही. आम्ही हे करू शकतो कारण वडिलांनी "पेन धर" म्हणून ओरडून आम्हाला खुर्चीवर बसवले, आणि खुर्चीने रविवार दिला. त्या खुर्चीमागे आरक्षण आहे, आणि कामाचे तास कायद्याने बांधले जाण्याचा इतिहास आहे. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर मंत्री होते त्याच काळात, १९४६ च्या दुरुस्तीने, कारखान्यांतला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. १९४५ च्या काँग्रेस आणि गांधींवरच्या ग्रंथात त्यांनी गांधींच्या ग्रामोद्योगाला जे उत्तर दिले आहे ते या संदर्भात पुन्हा वाचावे. यंत्र हवे, कारण यंत्राशिवाय फुरसत नाही, आणि फुरसतीशिवाय माणसाला पशूच्या पातळीवरून वर येता येत नाही. हौस हा शब्द बाबासाहेबांनी तिथे वापरलेला नाही, पण हौसेची जागा तीच आहे. दादांना हौस काय आहे ते आम्ही विचारले होते. त्यांना प्रश्नच कळला नाही. मग म्हणाले, "झोप."

गेल्या उन्हाळ्यात शहरातून तीन तरुण मुले पालावर आली. लुप्त होणाऱ्या कलांवर व्हिडिओ करत होती. मुले सभ्य होती, दादांना नमस्कार केला. कॅमेरा लावल्यावर त्यांना ब्लोअरची अडचण झाली. ती बॅटरी, त्या वायरी, 'ऑथेंटिक' दिसेना. त्यांनी विचारले, जुना भाता आहे का? होता, गाडीखाली गुंडाळून ठेवलेला. मग वहिनींनी दुखऱ्या खांद्याने भर उन्हात पाऊण तास चामड्याचा भाता ओढला. आम्ही होतो तिथे. बोलायला हवे होते. बोललो नाही, कारण दादांना पाचशे रुपये मिळणार होते आणि ते बुडवायचा आम्हाला काय अधिकार? नंतर तो व्हिडिओ पाहिला. मागे 'साधी माणसं' या १९६५ च्या चित्रपटातले ऐरणीचे गाणे लावले होते. खाली प्रतिक्रिया: आपली संस्कृती, आपली माती, किती समाधानी आहेत बघा ही माणसे. तीनशे-चारशे लोकांनी हात जोडल्याची चित्रे टाकली होती. ब्लोअर दिसला असता तर ही भक्ती निम्मी झाली असती. या लोकांना लोहार हवा आहे, पण मोटार जोडलेला नको. कारागीर हवा आहे, पण त्याचा पोरगा इंजिनियर झालेला नको. गावगाड्याचे उमाळे काढणाऱ्या सगळ्या साहित्याची हीच गोम आहे.

सरकारचेही त्याहून वेगळे नाही. १७ सप्टेंबर २०२३ रोजी पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. १८ धंदे, त्यात लोहार आहे. अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत, ५ टक्के व्याजाने कर्ज, प्रशिक्षण आणि त्या काळात भत्ता. दादांना हे पैसे मिळाले तर ते घ्यावेत, आम्ही स्वतः अर्ज भरून देऊ. तो त्यांचा हक्क आहे. पण योजनेची भाषा पाहा: गुरू-शिष्य परंपरा, कुटुंबात चालत आलेला धंदा, तो बळकट करायचा. अठराव्या वर्षी पोराने बापाचा हातोडा धरावा म्हणून सरकार हात पुढे करते. १९५३ मध्ये राजाजींनी मद्रास प्रांतात असेच केले होते: अर्धा वेळ शाळा, अर्धा वेळ बापाचा धंदा. पेरियारांनी त्याला कुलकल्वी, म्हणजे कुळधंद्याचे शिक्षण, म्हणून रान उठवले आणि पुढच्याच वर्षी कामराजांनी ती योजना गुंडाळली. तमिळनाडूने २०२४ मध्ये विश्वकर्मा योजना आहे तशी राबवायला नकार दिला, त्यामागे ही आठवण आहे. आमच्या महाराष्ट्रात फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव घेतल्याशिवाय भाषण सुरू होत नाही, पण या मुद्द्यावर आवाज कुठे ऐकू आला नाही.

आणि ज्या परंपरेचे एवढे गोडवे, ती लोहाराबद्दल काय म्हणते? मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात कोणाचे अन्न खाऊ नये याची यादी आहे, त्यात लोहार आहे. त्याचा नांगर चालतो, त्याची तलवार चालते, त्याचे अन्न नाही. याच्या समोर एक गोष्ट ठेवा. पावा गावातला चुंद हा कम्मारपुत्त होता. कम्मार म्हणजे धातू घडवणारा. तथागतांनी शेवटचे भोजन त्याच्या घरी घेतले. त्यानंतर त्यांचे दुखणे बळावले, तेव्हा चुंदाला कोणी दोष देईल, तो स्वतःलाच दोष देईल, याची काळजी त्यांना होती. म्हणून त्याला पश्चात्ताप होऊ देऊ नका, असे त्यांनी आनंदाला बजावले. महापरिनिब्बान सुत्तात हे आहे. आम्ही हे दादांना सांगितले तेव्हा त्यांनी विचारले, "काय बनवायचा तो?" आम्हाला उत्तर देता आले नाही.

अन्नपाण्याचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. पहिले काही महिने वहिनी आम्हाला पाणी वरून ओतायच्या, ओंजळीत. आमचे आडनाव त्यांना माहीत होते. आमच्या पिढीच्या माणसाला तांब्या उंच धरलेला दिसला की पोटात काय होते ते लिहायला नको. श्रेणीबद्ध विषमता ही अशी असते: पालातला माणूसही कोणाच्या तरी वर. पण पुढे पाहिले तर ट्रकवाल्यालाही त्या तसेच पाणी देत होत्या, भांडे एकच म्हणून. मग आमच्या बाबतीत ते काय होते? आम्ही विचारले नाही. पावसाळ्यात एकदा त्यांनी तांब्याच हातात दिला. काही बदलले होते म्हणून की घण टाकून यायची घाई होती म्हणून, कोण जाणे. आता त्यांच्याकडची भाकरी आम्ही खातो, आमच्या घरची भाजी ते खातात.

शिकवणीचे पैसे आम्ही देतो. दादा आधी घेत नव्हते, "शिकायला येताय, पैसे कसले?" म्हणून. आम्ही सांगितले, आमच्या सात पिढ्यांनी फुकट कामे केली, आम्हाला फुकट घेता येणार नाही. तेव्हा ते थोडे गोंधळले आणि मग दोघांची दोन तासांची मजुरी ठरली. दोघांची, कारण भट्टी वहिनी सांभाळतात.

पैशापेक्षा मोठे देणे दुसरे आहे. दादांचा धाकटा मुलगा बारावी झाला. त्याला भट्टीत रस नाही, त्याला नर्सिंगला जायचे आहे. जातीचा दाखला लागतो. भटक्या-विमुक्तांसाठी पुरावा लागतो तो २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, या राज्यात राहत असल्याचा. ज्यांना गावाने कधी तीन रात्रींवर थांबू दिले नाही त्यांनी साठ वर्षांपूर्वीच्या पत्त्याचा कागद आणायचा! जन्माची नोंद झाडाखाली झालेली, जमिनीचा उतारा कुठून असणार? कचेरीतल्या साहेबांनी अर्ज तीनदा परत केला. कागदांशी झुंजणे हे आमचे खरे कसब, बत्तीस वर्षांचे. त्या कामात आमचा कोपर दुखत नाही. लोखंड थंड असताना ठोकू नये हे पालावर शिकलो, पण कचेरीत थंडच ठोकावे लागते.

हातोडा आम्ही पुन्हा धरला आहे. आता आठशे ग्रॅमचा. आधीचा दीड किलोचा होता, तो निव्वळ फुशारकी होती. मूठ सैल, कानात बोळे, अर्ध्या तासाने थांबायचे. लाल गेले की थांबायचे. चिमट्याचा एक पाय चांगला उतरतो, दुसरा अजून फसतो. आणि मजा येते, हे लपवायचे कारण नाही. काळा गोळा नारिंगी होतो, घावाखाली लोण्यासारखा सरकतो, तेव्हा फायली, निवेदने, मोर्चे सगळे विसरायला होते. वडिलांना अशी मजा कधी आली असेल का? चिमट्याचा पीळ पाहिला की वाटते, एकदा तरी आली असावी, साहेबाची पाठ वळलेली असताना.

वहिनींच्या घणासाठी आम्ही एका गॅरेजवाल्याकडून जुना पॉवर हॅमर चौकशीला काढला होता. किंमत ऐकून परत आलो. पुन्हा जाणार आहोत; मंडळातल्या चार जणांनी हप्ते वाटून घ्यायची तयारी दाखवली आहे. त्यांत बैठकीत प्रश्न विचारणारा तो मित्रही आहे, हे त्याच्या परवानगीने लिहितो. तो म्हणाला, यंत्राला माझे पैसे, तुझ्या हातोड्याला नाहीत.

दादांच्या थोरल्या चुलत्याला लहानपणी पाल पडलेल्या एका गावात शाळेत चार महिने बसवले होते, असे घरात बोलले जाते. साल १९५८ किंवा ५९. शाळेचे जुने रजिस्टर अजून कपाटात आहे असे तिथल्या मास्तरांनी फोनवर सांगितले. येत्या गुरुवारी दादा आणि आम्ही तिथे जाऊन पाने चाळणार आहोत. आम्ही त्या दिवसाची किरकोळ रजा टाकली आहे. दादांचा खाडा पडेल.